चैत्री वारी आणि सासूबाईंची गोळी

मैत्रिणींनो, पंढरपूर तुम्हांला मी नव्यानं काय सांगावं! तुमच्यापैकी निम्म्या जणी तरी तिथं जाऊन आलेल्या असणार. पण आपल्याकडे पंढरपूर म्हटलं की आषाढी-कार्तिकीच डोळ्यांपुढे येते. चिखल, दिंड्या, पताका आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. चैत्रातलं पंढरपूर निराळं. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार मोठ्या वाऱ्या, त्यांतली ही उन्हाळ्यातली. आणि सोलापूर जिल्ह्यातलं ते ऊन! सकाळी नऊलाच घाटाच्या पायऱ्या चटके देऊ लागतात. वरच्या उजनी धरणातून सोडलं असेल तेवढंच पाणी चंद्रभागेत, बाकी नुसतं वाळवंट. गावात शिरलं की कलिंगडाच्या फोडी नि उसाच्या रसवंतीची घुंगरं. राउळात प्रत्यक्ष विठोबालाही उन्हाळा लागतो बरं का! गुढीपाडव्यापासून मृग निघेपर्यंत त्याला रोज चंदनाची उटी लावतात.

पण आज मला सांगायचंय ते देवळाबद्दल थोडं आणि घरातल्या गोळ्यांच्या डब्याबद्दल जास्त. तुमच्याही घरात सासू, सासरे, आई, कुणी ना कुणी मधुमेहाचं असेलच. आणि यात्रेला, लग्नाला, गावाला जाताना त्यांची पिशवी भरणारी तुम्हीच असाल.

आम्ही गेलो २०२५ साली, ८ एप्रिलच्या चैत्री एकादशीला. आदल्या वर्षी मंदिराच्या दुरुस्तीच्या कामासाठी मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत पायांवर डोकं ठेवायचं दर्शन बंद होतं. ‘पायांना हात लागणार नसेल तर वारी कसली,’ म्हणून सासूबाई घरीच बसल्या होत्या. त्यामुळे या खेपेला त्यांनी महिनाभर आधीपासून पिशवी बांधायला घेतली. आम्ही तिघी जणी. मी, अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि सत्तरी उलटलेल्या शेजारच्या काकू. दोघींनाही साखर. सासूबाईंना बारा वर्षांची, काकूंना त्याहून जुनी.

मिरजेहून पंढरपूरला रेल्वे आली १९२७ साली, तेव्हा ती बार्शी लाइटची छोटी, अरुंद रुळांची गाडी होती. आता रूळ रुंद झाले, तरी सासूबाई तिला अजून ‘बार्शी लाइट’च म्हणतात. कवठे महांकाळ, ढालगाव, जत रोड करत गाडी उन्हातून जाते. दोन्ही बाजूंना उघडे माळ, मधूनच बाभळी, आणि सांगोला आलं की डाळिंबाच्या बागा. गाडीत या दोघींच्या गप्पा कसल्या, तर औषधांच्या. आपण लोणच्याचं प्रमाण विचारावं तसं एकमेकींना विचारत होत्या, ‘तुमची किती पावरची?’ सासूबाईंची एकच गोळी, सकाळी न्याहारीच्या आधी घ्यायची. पण त्या एका गोळीत औषधं दोन, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. काकूंचं इन्सुलिन, सकाळ-संध्याकाळ.

काकूंनी इन्सुलिन कसं आणलं होतं ते ऐका. एक लहानसं मातीचं मडकं, तळाशी ओली वाळू, बाहेरून भिजवलेलं सुती फडकं, आणि आत झाकणाच्या कोरड्या डबीत कुपी. ‘बर्फात ठेवलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं,’ काकू म्हणाल्या. उन्हात तापलं तरी त्याची शक्ती जाते. सुरू केलेली कुपी साधारण महिनाभर घरच्या हवेत टिकते, पण घरची हवा म्हणजे पंचवीस-तीस अंशांपर्यंतची, एप्रिलातल्या पंढरपूरची नव्हे. दर स्टेशनावर त्या फडक्यावर पाणी शिंपडत होत्या. सासूबाई म्हणाल्या, ‘तिकडे विठोबाला उटी, इकडे तुमच्या इन्सुलिनला.’

दशमीला उतरलो ते एका ओळखीच्या घरी. पंढरपुरात अजून पुष्कळ घरांत यात्रेकरूंना खोली देतात. मालकीणबाई बोलघेवड्या. रात्री अंगणात बसलो असताना त्यांनी सांगितलं, की या एकादशीला देव उपास करत नाही. शिखर शिंगणापूरला महादेवाचं लग्न असतं ना, म्हणून विठ्ठलाला पुरणपोळीचा नैवेद्य! काकू लगेच म्हणाल्या, ‘बघा वहिनी, देवसुद्धा जेवतो.’ सासूबाई म्हणाल्या, ‘तो देव आहे. त्यानं पोळी खाल्ली म्हणून आपणही खायची होय?’

एकादशीला पहाटे चारला उठून चंद्रभागेवर गेलो. पुंडलिकाच्या देवळापाशी घोट्याइतकं पाणी. तिथून महाद्वार. नामदेवाची पायरी, समोर चोखोबाची समाधी. पायरीला हात लावताना मला दर वेळी साने गुरुजी आठवतात. ज्या चोखोबाला आत जाता आलं नाही त्याच्या लेकरांसाठी देऊळ उघडावं म्हणून गुरुजींनी इथंच मे १९४७मध्ये उपास मांडला होता. उपासाचंही किती परीनं बळ असतं! पण ते असो.

पदस्पर्शाची रांग आदल्या रात्रीपासूनच लागलेली. दर्शनमंडपाच्या मजल्यामजल्यांवरून ती गोगलगाईसारखी सरकते. पंखे असतात, पाणी देणारे स्वयंसेवक असतात, अभंग चाललेले असतात, त्यामुळे पहिले दोन तास मजेत जातात. एक गोष्ट मात्र तुम्हीही पाहिली असेल. रांगेत बायका पाणी पीत नाहीत. का ते मी लिहायला नकोच. पुरुष तांब्या तांब्या पितात आणि आपण ओठ ओले करून पेला पुढे देतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन त्यांतलीच, जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. तिच्याबरोबर पाणीही जातं. अशी गोळी घेणाऱ्या बाईनं उन्हात, उपाशी, तहानेनं सहा तास उभं राहणं फार वाईट. अशा उपासात रक्तात आम्ल साठून आजार गंभीर होऊ शकतो, तोही कधी कधी मीटरवर साखर फारशी चढलेली नसताना. तुमच्या डब्यात ही गोळी असेल तर उपासाचं नि प्रवासाचं आधी डॉक्टरांना विचारा.

साडेनऊच्या सुमाराला सासूबाई माझ्यावर खेकसल्या. ‘मला ढकलतेस कशाला?’ मी हात लांबच होते. आमच्या सासूबाई बोलायला तिखट नाहीत, चारचौघांत तर नाहीच नाही. मग म्हणाल्या, ‘बाळूला बोलाव, गाडी सुटेल.’ बाळू म्हणजे माझे मोठे दीर, ते पुण्याला. कपाळावर घामाचे थेंब, पदर चिंब, आणि हात लावला तर अंग गार. उन्हाचा घाम वेगळा, हा वेगळा. काकूंनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, हिची साखर उतरलीय. वहिनी, सकाळी काय खाल्लंत?’

काही नाही. निरंकार उपास. आणि गोळी? गोळी मात्र घेतली होती! मी नळावर बादली भरत होते तेवढ्यात पाण्याच्या घोटाबरोबर. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, गोळी चुकवायची नाही.’

आता यात सासूबाईंना दोष कसा द्यायचा? डॉक्टरांची आज्ञा पाळली, एकादशीचीही पाळली. दोन्ही आज्ञा आपापल्या जागी खऱ्या, पण पोटात दोघींची गाठ पडली.

पिशवीतला मीटर काढला. बावन्न! सत्तरच्या खाली आली की साखर कमी धरतात, आणि चोपन्नच्या खाली म्हणजे चांगलीच कमी. पुढच्या एका बाईंनी भल्या मनानं पेढा पुढे केला. काकूंनी हात आडवा केला. पेढ्यात खवा, तूप. स्निग्ध पदार्थानं साखर रक्तात जायला वेळ लागतो, आणि इथं तर मिनिटांची घाई. ग्लुकोजच्या पुडीतले तीन चमचे शीगभरून पेलाभर पाण्यात कालवले. तर सासूबाईंनी तोंड घट्ट मिटलं. ‘एकादशी आहे!’

मैत्रिणींनो, साखर उतरलेल्या माणसाशी वाद घालू नये, कारण त्या वेळी मेंदूलाच साखर पुरत नसते. तो हट्ट त्यांचा नसतो. पण त्या घटकेला माझे हातपाय गळाले होते. त्यांच्या तोंडाशी पेला धरून मी अक्षरशः विनवण्या करत होते. शेवटी मागे उभे असलेले एक टाळकरी आजोबा म्हणाले, ‘माउली, साखर उपासाला चालते की! पंचामृतात नसते का?’ तेवढ्यानं काम झालं. त्या घटाघटा प्यायल्या. (ग्लुकोज पुष्कळदा मक्यापासून करतात हे मी आजतागायत त्यांना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.)

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. अठ्ठ्याहत्तर. मग दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू. कारण ग्लुकोजनं चढलेली साखर टिकत नाही, मागून पोटात काहीतरी जावं लागतं. आणखी पाऊण तासानं एकशे बारा. मग त्यांना लाज वाटायला लागली. ‘मी काय बोलले गं?’ मी म्हटलं, ‘काही नाही, आई.’

स्वयंसेवकांनी आम्हांला कडेच्या दारानं बाहेर काढलं. पायांचं दर्शन गेलं. संध्याकाळी मुखदर्शनाच्या रांगेतून लांबून विठोबा पाहिला. चंदनाची उटी लावलेलं ते सावळं मुख. सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दोन वर्षांची आस होती हो. मला वाटलं, आत्ता मागच्या मागे त्यांना उचलून गाभाऱ्यात न्यावं.

आता गोळीचं. मेटफॉर्मिन एकटं असेल तर ते साखर अशी एकदम खाली आणत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि जुन्या जमान्यातली ग्लिबेनक्लामाइड, या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतात. तुम्ही जेवलात की नाही याची चौकशी त्या करत नाहीत. ग्लिबेनक्लामाइडचा असर तर वयस्कर माणसांत, आणि मूत्रपिंड थकलेलं असेल तर जास्तच, लांबत जातो. तुमच्या घरच्या पाकिटावर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते एकदा चष्मा लावून वाचा. एकाच गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं असतात आणि आपण तिला नुसती ‘शुगरची गोळी’ म्हणतो.

त्यात व्होग्लिबोज हे नाव दिसलं तर आणखी एक लक्षात ठेवा. हे औषध आपल्या साध्या साखरेचं पोटात विघटन लवकर होऊ देत नाही. म्हणजे साखर उतरली असताना बत्तासा दिला, साखरेचं पाणी दिलं, तरी ते सावकाश चढतं. अशा माणसाच्या पिशवीत ग्लुकोजचीच पूड हवी. एरवी पंढरपूरच्या प्रसादाचे बत्तासे वेळेला उत्तम, निव्वळ साखरच ती.

ब्लडप्रेशरसाठी किंवा छातीसाठी ॲटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर साखर उतरताना होणारी धडधड, थरथर झाकली जाते. घाम मात्र झाकला जात नाही. म्हणून घामाकडे पाहा. आणि माणूस बेशुद्ध झालं तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.

काकूंचं कसं निभलं म्हणाल? त्यांनी निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं, एकादशी आहे, अमुक खाणार, इतका वेळ उभी राहणार. डॉक्टरांनी त्या दिवसाचं सकाळचं इन्सुलिन किती कमी करायचं ते कागदावर लिहून दिलं. त्यांनी पहाटे टोचून घेतलं ते पोटावर. मांडीवर टोचून लगेच चाललं की औषध लवकर भिनतं म्हणे. आणि टोचल्यावर वरईचा भात नि दाण्याची आमटी पोटभर खाल्ली. ‘इन्सुलिन घ्यायचं तर जेवायचं, आणि जेवायचं नसेल तर आधी विचारायचं.’

या शहाणपणाची किंमत त्यांनी आधी मोजलेली होती. मागे गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तेव्हा त्यांची साखर तीनशेच्या वर गेली. गोड काही खाल्लेलं नाही, पथ्य तेच, औषध तेच. तरी चार-पाच दिवस ती खालीच येईना. स्टेरॉइड साखर वाढवतं, मग ते सांध्यात घ्या नाहीतर दम्यासाठी पोटात घ्या. डॉक्टरांनी तेव्हा इन्सुलिन वाढवलं, आणि परिणाम ओसरल्यावर पुन्हा कमी केलं. ते कमी करायचं राहिलं असतं तर त्यांचीही सासूबाईंसारखीच गत झाली असती. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी ‘हिला मधुमेह आहे’ हे आधी सांगा.

खोलीवर आल्यावर मी मिरजेला आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, या गोळीचा असर दिवसभर असतो, तेव्हा साखर पुन्हा उतरू शकते. आज उपास नको, दर तीन-चार तासांनी काहीतरी खायला द्या, रात्रीही एकदा तपासा, आणि सकाळचा आकडा मला कळवल्याशिवाय उद्याची गोळी देऊ नका. रात्री मालकीणबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस केला. सासूबाईंनी भ्यायल्यासारखं दोन वेळा वाढून घेतलं, आणि झोपताना आकडा दोनशे चाळीस! आपल्या फराळाचं हे असं. साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळ पदार्थ, बटाटा-रताळं त्याचंच भावंड. उपास म्हणून पोटात गेलं तरी साखर भरपूर वाढवतं. वरई थोडी, दाणे, ताक, काकडी असं चाललं असतं, पण त्या रात्री कुणी कुणाला टोकायचं?

दुसऱ्या दिवशी महाद्वाराकडे बुक्का घ्यायला गेलो तर वाटेवर एकजण ‘मधुमेहावर जालीम’ चूर्ण विकत होता. डाव्या हातानं कारल्याचा ढीग दाखवायचा, उजव्या हातानं पुडी. सासूबाईंचा हात पर्सकडे जातोय असं मला दिसलं. या चूर्णांचं सांगते. अशा औषधांत साखरेच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या दळून मिसळल्याचं तपासण्यांत अनेकदा उघड झालेलं आहे. आधीच एक गोळी पोटात, तिच्यावर ही न सांगितलेली दुसरी! आम्ही चुरमुरे, साखरफुटाणे नि तुळशीची माळ घेतली आणि गाडी गाठली.

घरी आल्यावर माझ्या यजमानांनी फर्मान काढलं, ‘यापुढे वारी बंद.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या उठून देवघरात जाऊन बसल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, वारी कशाला बंद, गोळीचं विचारू या ना! दोघींनी मिळून डॉक्टरांकडे जायचं ठरवलं आणि गेलोही. मी शाळेतल्या वहीच्या पानावर सासूबाईंचे उपास लिहून नेले होते. दोन एकादशा, संकष्टी, सोमवार, शिवाय श्रावण. डॉक्टर कागद पाहून म्हणाले, ‘हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलंच नाही.’ मला आत जरा रागच आला. विचारायला नको होतं का? पण मी गप्प बसले.

त्यांनी रक्त-लघवी, मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली आणि ग्लिमेपिराइड काढून मेटफॉर्मिनच्या जोडीला सिटाग्लिप्टिन दिलं. हे औषध रक्तात साखर वाढली की मगच इन्सुलिनला हाक मारतं, उपाशीपोटी ते बहुतेक गप्प बसतं. पूर्वी ते महाग होतं, २०२२नंतर आपल्याकडे अनेक कंपन्यांचं निघालं आणि खिशाला परवडू लागलं. प्रत्येकीला हेच लागू पडेल असं मुळीच नाही. काकूंना तर इन्सुलिनच हवं. पहिले दोन महिने सासूबाईंची साखर थोडी चढी राहिली, पुन्हा मात्रा बदलावी लागली. निरंकार उपास मात्र डॉक्टरांनी बंद केले. फराळ करून एकादशी करा म्हणाले. तेवढं सासूबाईंनी मान्य केलं, आठ दिवस रुसून.

कार्तिकीची गर्दी आम्ही टाळली. ती उतरल्यावर नोव्हेंबरातल्या एका साध्या मंगळवारी तिघी पुन्हा गेलो. सकाळी पोटभर उप्पीट, मग गोळी, मग रांग. सव्वादोन तासांत गाभाऱ्यात पोचलो. सासूबाईंनी विठोबाच्या पायांवर डोकं ठेवलं ते पुजाऱ्यानं उठवेपर्यंत उचललं नाही. बाहेर आल्यावर पहिलं काय केलं असेल? पर्समधून मीटर काढला आणि मलाच म्हणाल्या, ‘टोच बघू.’ एकशे तीस होती. मग खांबाला टेकून बसलेल्या एका अनोळखी आजींच्या शेजारी जाऊन त्या विचारू लागल्या, ‘अहो, तुमच्या गोळीचं नाव काय? पाकीट आहे का जवळ?’